नवा लॅपटॉप कीं डागडुजी केलेला जुना?

भाद्रपद महिना हा शेतकऱ्याच्या हातीं पैका नसण्याचा महिना होय. कपाशी पात्याफुलांवर असते, सोयाबीन शेंगा धरून उभें असतें, संत्र्याचा आंबिया बहार झाडावर अजून हिरवाच असतो. बीं, खत, निंदण व फवारणी यांचा खर्च मात्र सर्व होऊन गेलेला असतो. नेमक्या ह्याच महिन्यांत, सन २०२५ सालीं, काटोल तालुक्यांत शेती करणारा माझा धाकटा भाऊ नागपुरास माझ्या घरीं आला. त्याच्या मुलीस येथील कृषि महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता. महाराजबागेजवळील हें महाविद्यालय १९०६ सालापासून चालू आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां गोष्ट आनंदाची खरी. पण मुलीनें सोबत न्यावयाच्या वस्तूंची जी यादी केली होती, तींत गादी, बादली व टेबलावरचा दिवा यांच्या खालीं 'लॅपटॉप' असा एक शब्द लिहिला होता.

भावाजवळ पंचवीस हजार रुपये होते, आणि तेहि रब्बीच्या हरभऱ्याचें खत व कपाशीची एक फवारणी यांकरितां बाजूस काढून ठेविलेले. सीताबर्डीच्या बाजारांत एका दुकानदारानें त्यास नव्या लॅपटॉपची किंमत अडतीस हजार सांगितली. दुसऱ्यानें डागडुजी केलेला जुना एकवीस हजारांत दाखविला. मधला फरक सतरा हजारांचा. डी.ए.पी.चें पोतें १,३५० रुपयांस धरलें तर तीं साडेबारा पोतीं होतात; आणि कापसाच्या भाषेंत बोलावयाचें तर लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये, म्हणजे दोन क्विंटलांहून थोडा अधिक कापूस. एवढा फरक शेतकऱ्यानें हंसण्यावारीं न्यावा असा नाहीं.

"दादा," तो मला म्हणाला, "जुना बैल घ्यावयाचा तर बाजारांत त्याचे दांत तरी पाहतां येतात. ह्याचे दांत कोठें पाहावे?"

ह्या एका प्रश्नाच्या पाठीमागें माझे पंधरा दिवस गेले. त्यांत जें कळलें तें आपल्या सभासद बंधूंपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. माझें शिक्षण मराठी शाळेपुरतें. यंत्रशास्त्राचा मी जाणकार नव्हें. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करून एक संवय जडली आहे, ती ही कीं, कोणताहि कागद पुढें आला कीं त्याचे रकाने एकामागून एक वाचावे व ज्या रकान्यांत कांहींच लिहिलेलें नाहीं तेथें अधिक वेळ थांबावें.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतों. केवळ शेतीच्या सरकारी कामाकरितां म्हणून कोणी लॅपटॉप घेऊं म्हणेल, तर त्यानें तो घेऊं नये. अंकीय सहीचा सात-बारा १ मे २०१८ पासून मिळूं लागला. तो पंधरा रुपये भरून मोबाईलवरहि काढतां येतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. ती तर मोबाईल हातांत घेऊन शेतांत उभें राहूनच करावयाची असते, तेथें लॅपटॉपचें कामच नाहीं. पीकविम्याचा अर्ज किंवा शेतकरी ओळख क्रमांक यांकरितां गांवचें सेवा केंद्र आहे. लॅपटॉप लागतो तो ज्यास बसून लांब लिहावयाचें, हिशेब मांडावयाचे, किंवा अभ्यास करावयाचा आहे त्यास. महाविद्यालयांत जाणारी मुलें, दूधसंस्थेचे चिटणीस, संत्र्यांचा माल परस्पर परप्रांतीं पाठवून बिलें करणारे बागाईतदार, असे लोक ह्यांत येतात. ह्या सर्वांचें काम साधें असतें. त्यांस महाग यंत्र नको. चालणारें यंत्र हवें.

आतां माझी स्वतःची फजिती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मी २०२४ सालच्या आरंभीं सेवानिवृत्त झालों, आणि हातीं चार पैसे आले त्याच भरांत चौदा हजारांस एक जुना लॅपटॉप विकत घेतला. दुकानाचें नांव सांगत नाहीं. दोष अर्धा माझाहि होता. बाहेरून यंत्र लखलखीत होतें. दुकानदार म्हणाला, "काकाजी, आय-फाइव्ह आहे, डोळे मिटून घ्या." मीं खरोखरच डोळे मिटून घेतला. पावती मागितली नाहीं. एका छापील पत्त्याच्या कार्डामागें 'सहा महिने' असें त्यानें लिहून दिलें, तेंच प्रमाण मानलें. घरीं आल्यावर वडिलांच्या वारस फेरफाराची नक्कल, बँकेचीं पुस्तकें, निवृत्तिवेतनाचा आदेश, भावाच्या शेताचे सर्व कागद यांच्या प्रतिमा त्यांत भरल्या. आणि आमच्या आईचीं जीं दहापंधरा छायाचित्रें जुन्या मोबाईलमध्यें होतीं, तींहि त्यांत घालून मोबाईल कोणास तरी देऊन टाकला.

जुलै महिन्यांत, पीकविम्याची मुदत संपण्यास दोन दिवस उरले असतां, यंत्रांतून टक्-टक् असा आवाज येऊं लागला व सायंकाळीं तें बंद पडलें. आंतील फिरती डिस्क निकामी झाली होती. दुकानदाराकडे गेलों तेव्हां तो म्हणाला कीं, हमी 'बोर्डाची' होती, डिस्कची नव्हती. कार्डावर दोहोंपैकीं कशाचेंच नांव नव्हतें, तेव्हां वाद घालावा तरी कशाच्या जोरावर? भावानें गांवाहून मूळ कागद घेऊन एस.टी.नें यावें, सेवा केंद्राच्या रांगेंत आम्ही दोघांनीं उभें राहावें, आणि शेवटच्या दिवशीं रात्रीं अर्ज दाखल व्हावा, असें झालें. विमा वांचला. छायाचित्रें गेलीं तीं गेलीं.

म्हणून ह्या खेपेस घाई करावयाची नाहीं असें ठरवूनच मी बाहेर पडलों. पहिला शोध घेतला तो हा कीं, हीं जुनीं यंत्रें येतात कोठून? पुणें, बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम येथील मोठमोठ्या कचेऱ्या आपल्या नोकरांस लॅपटॉप देतात. कित्येक ठिकाणीं ते तीन-चार वर्षांच्या भाडेकरारानें आणलेले असतात. मुदत भरली कीं शेंकडों यंत्रें एकदम बदलतात. तीं लिलावांतून घाऊक व्यापाऱ्यांकडे जातात. दिल्लीचें नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस.पी. रोड हे त्यांचे अड्डे. तेथून तीं नागपुरास येतात. अर्थात् हीं यंत्रें मोडकीं म्हणून टाकलेलीं नसतात, मुदत भरली म्हणून टाकलेलीं असतात. शिवाय कचेरीकरितां बनविलेला लॅपटॉप हा मुळांतच दणकट असतो. त्याची बिजागरी धातूची, कीबोर्ड बदलतां येण्याजोगा, सुटे भाग मिळण्याजोगे. नवा असतां ज्याची किंमत साठ-सत्तर हजारांवर होती तो आतां वीस-पंचवीस हजारांत मिळतो, ह्यांत गौडबंगाल कांहीं नाहीं.

परंतु 'सेकंड हँड' आणि 'रिफर्बिश्ड' ह्या दोन शब्दांत भेद आहे, आणि दुकानदार तो सोईप्रमाणें पुसून टाकतात. पहिला म्हणजे जसा आला तसा विकलेला. दुसरा म्हणजे उघडून, झाडून, तपासून, निकामी भाग बदलून मग हमीसह विकलेला. डागडुजीचा धंदा हा आतां कायद्याच्या नजरेंतहि आला आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणें अशा कारखानदारानें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' असे शिक्के मात्र वाचकांनीं मनावर घेऊं नयेत. ते केवळ ओरखड्यांचे शिक्के आहेत. बाहेरून ओरखडा नाहीं म्हणजे 'ए'. पोटांत काय आहे ह्याच्याशीं त्या अक्षराचा संबंध नाहीं.

आतां दांतांकडे येऊं. बैल दोनदाती कीं चारदाती कीं जुळलेला, हें जसें तोंड उघडून पाहतात, तसें लॅपटॉपचें वय त्याच्या प्रोसेसरच्या क्रमांकावरून कळतें. 'आय-फाइव्ह' ही नुसती जात झाली, वय नव्हे. २०१२ सालचाहि आय-फाइव्हच आणि २०२२ सालचाहि आय-फाइव्हच. जातीच्या पुढें आडवी रेघ असून तिच्यापुढें जो आंकडा असतो, त्याचा आरंभ पाहावा. ८२५० असेल तर आठवी पिढी, ७२०० असेल तर सातवी, १०३१० असेल तर दहावी, ११३५ असेल तर अकरावी. गट क्रमांकाच्या पुढें पोटहिश्शाचा आंकडा पाहिल्याशिवाय जमीन कोणती हें जसें कळत नाहीं, तसेंच हें. हा क्रमांक यंत्राच्या 'सेटिंग'मध्यें, 'सिस्टीम'च्या खालीं 'अबाऊट' येथें स्पष्ट लिहिलेला असतो. बाहेरील चिकटपट्टीवर विश्वासूं नये, ती चार आण्यांस मिळते.

पिढीस एवढें महत्त्व कां, तें सांगतों. विंडोज १० ह्या प्रणालीस मायक्रोसॉफ्ट कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तिच्या जागीं जी विंडोज ११ आली, तिला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, शिवाय टी.पी.एम. २.० नांवाची सुरक्षा-चीप, निदान चार जी.बी. रॅम व चौसष्ट जी.बी. साठा. सहाव्या-सातव्या पिढीचीं यंत्रें कंपनीच्या यादींत नाहींत. परिणाम असा झाला कीं, त्या तारखेपूर्वीं दोन-तीन महिने अशा यंत्रांचे ढीग बाजारांत आले व 'दहा हजारांत लॅपटॉप' अशा पाट्या जिकडे तिकडे झळकूं लागल्या. आडवाटेनें त्यांवर विंडोज ११ बसवून देतातहि. पण पुढील सुधारणा मिळतील कीं नाहीं ह्याची हमी कोणी देत नाहीं, आणि बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर करावयाचे त्याचें कुंपण असें मोडकें असूं नये. माझें चौदा हजारांचें यंत्र सातव्या पिढीचें होतें, हें मला तेव्हां कळलें. म्हणून आठव्या पिढीच्या अलीकडचें यंत्र घेऊं नये, आणि दोन-तीन हजार अधिक पडले तरी दहावी पिढी मिळत असल्यास तीच घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे.

आतां नव्याची बाजू. माझ्या भावाचें मन नव्याकडे होतें व त्यांत चूक कांहींच नव्हती. नवें म्हणजे कंपनीची एक वर्षाची हमी, अस्सल विंडोज, बहुतेक वेळां त्यासोबत लेखन-हिशेबाची ऑफिस प्रणालीहि, आणि कोणीहि न वापरलेली बॅटरी. तिसऱ्या एका दुकानांत त्यास चोवीस हजारांत कोरा लॅपटॉप मिळाला, तेव्हां तो मला म्हणाला, "दादा, हा पाहा, नवाहि आहे आणि पैशांतहि बसतो." मीं खोक्यावरील बारीक अक्षरें वाचलीं: सेलेरॉन एन४०२०, चार जी.बी. रॅम, चौसष्ट जी.बी. ई.एम.एम.सी. हें यंत्र नवें खरें, पण त्याचा प्रोसेसर २०१९ सालचा व दोनच गाभ्यांचा. २०१७ सालच्या आय५-८२५०यू ला चार गाभे आहेत व कामांत तो ह्याच्या कितीतरी पुढें जातो. चौसष्ट जी.बी. साठ्यांतील निम्म्याच्या आसपास जागा विंडोजच व्यापून बसते, आणि पुढें सुधारणा उतरवून घेण्यास जागा उरत नाहीं. रॅम व साठा दोन्ही पाटीवर डाख देऊन बसविलेले, म्हणजे वाढविण्याचा मार्गहि नाहीं. अशा यंत्रावर एक वेचा उघडून ठेवावा, दुसरा उघडावा, आणि चहा करून यावा. कोवळें वासरू नांगरास जुंपण्याचाच हा प्रकार. नवेपणा हा येथें गुण नाहीं. २०२३ सालीं साडेसोळा हजारांच्या आंत जिओबुक म्हणून एक लहान यंत्र बाजारांत आलें होतें, तेंहि ह्याच वजनाचें, आणि त्यावर विंडोज नव्हेच, कंपनीची स्वतःची प्रणाली. धाकट्या मुलांस पाठ ऐकण्यापुरतें तें ठीक.

तात्पर्य, नवा घ्यावयाचा तर निदान बाराव्या पिढीचा आय-थ्री किंवा त्याच्या तोडीचा रायझन, आठ जी.बी. रॅम व २५६ किंवा ५१२ जी.बी.चा एस.एस.डी. असा असावा. त्यास आम्हांस तेव्हां पस्तीस ते चाळीस हजार पडत होते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या चिपांची जगभर टंचाई होऊन भाव चढले. तेव्हां हा आंकडा आज दुकानीं जाऊन ताजा करून घ्यावा.

जुन्या यंत्रांत जी एक खोड बाहेरून मुळींच दिसत नाहीं, तिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यांत बँकेचा बोजा असावा व खरेदीदारानें तो न पाहतां इसार द्यावा, असें मीं नोकरींत कित्येकदां पाहिलें आहे. लॅपटॉपवरहि असा बोजा असतो. ज्या कचेरीचें तें यंत्र होतें, तिनें तें आपल्या दूरनियंत्रणाच्या यादींत घातलेलें असतें. विकतांना नांव कमी करण्याचें राहून जातें, किंवा यंत्र चोरीचें असतें. दुकानांत तें उत्तम चालतें. पुढें कधीं तरी सर्व पुसून नव्यानें प्रणाली बसविली व इंटरनेट जोडलें कीं पडद्यावर कोण्या परक्या कंपनीचें नांव येतें व तिचा परवलीचा शब्द मागितला जातो. मग यंत्र असून नसल्यासारखें. ह्यावर उपाय असा कीं, दुकानांतच यंत्र पूर्ण पुसून नव्यानें चालू करावयास सांगावें, आपल्या मोबाईलचें इंटरनेट त्यास जोडावें, आणि कोणाचेंहि नांव न येतां तें उघडतें कीं नाहीं हें समक्ष पाहावें. ह्यास पाऊण तास लागतो. दुकानदार कुरकुर करतो, करूं द्यावी. तसेंच यंत्र सुरू होतांना डेलवर एफ-२, एचपीवर एफ-१०, थिंकपॅडवर एफ-१ ही कळ दाबावी. आंतील मूळ मांडणीचें पान परवलीशिवाय उघडलें तर ठीक. परवली मागितली तर उठून यावें.

दुसरी खोड बॅटरीची. लिथियमच्या बॅटरीस उन्हाळा मानवत नाहीं, आणि आपल्या नागपुरांत मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या पुढें जातो, हें निराळें सांगावयास नको. बॅटरीची प्रकृति तपासण्याची युक्ति मला पुतणीनेंच शिकविली. विंडोजच्या आज्ञेच्या काळ्या चौकटींत 'पॉवरसीएफजी' असें लिहून, एक जागा सोडून, तिरकी रेघ व 'बॅटरीरिपोर्ट' असें लिहावें. यंत्र स्वतःच एक तक्ता तयार करून देतें. त्यांत बॅटरी बनली तेव्हांची धारणाशक्ति व आजची धारणाशक्ति हे दोन आंकडे शेजारीं असतात. पन्नास हजारांची एकतीस हजार उरली असेल तर शेंकडा बासष्ट. सत्तराच्या खालीं आंकडा असल्यास बॅटरी बदलून मागावी किंवा तिची किंमत कमी करून घ्यावी. आपल्या खेड्यांत वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नसतो. लॅपटॉपचा मोठा गुण तोच कीं तो विजेवांचून चालतो, तेव्हां बॅटरीच मेलेली असेल तर त्यापेक्षां टेबलावरचा संगणक काय वाईट?

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतों. साठा एस.एस.डी.चाच असावा, फिरती डिस्क फुकट दिली तरी घेऊं नये. पडदा पांढरा करून काळे ठिपके पाहावे. १३६६ × ७६८ चा जुना पडदा डोळ्यांस त्रास देतो, १९२० × १०८० चा मागावा. बिजागरी दहा वेळां उघडमीट करावी. प्रत्येक कळ दाबून पाहावी, कॅमेरा व ध्वनि पाहावा. पंखा ऐकावा, जिनिंगच्या गांवीं राहणाऱ्यांनीं तर वर्षांतून एकदां पंख्यांतील कापसाचें तूस काढून घ्यावें, नाहीं तर यंत्र तापून मंद होतें. चार्जर मूळ कंपनीचा असावा, निदान त्यावर भारतीय मानक संस्थेची नोंद असावी. पन्नास-शंभर रुपयांच्या लोभानें घेतलेला बनावट चार्जर सबंध यंत्र जाळतो.

पावतीविषयीं माझें म्हणणें वाचकांनीं एका पोळलेल्या माणसाचें म्हणून ऐकावें. पावतीवर दुकानाचा जी.एस.टी. क्रमांक, यंत्राचा अनुक्रमांक, 'रिफर्बिश्ड' हा शब्द, हमीची मुदत, आणि हमींत काय काय येतें, बोर्ड, डिस्क, पडदा, बॅटरी, हें सर्व लिहून घ्यावें. यंत्राच्या पोटाखालील अनुक्रमांक व पावतीवरील अनुक्रमांक स्वतः ताडून पाहावा. फेरफाराशिवाय खरेदी जशी अर्धवट, तसें पावतीशिवाय हें. पावती असली म्हणजे तक्रारीस जागा असते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनि १९१५ हा आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगाकडे दाद मागतां येते. कार्डामागील 'सहा महिने' घेऊन मी कोणत्या आयोगापुढें जाणार होतों?

ह्यापुढें मीं जो हिशेब मांडला, त्यानें मलाच थोडें चकित केलें. नवा अडतीस हजारांचा लॅपटॉप सहा वर्षें चालला असें धरलें तर वर्षास ६,३३३ रुपये पडतात. डागडुजीचा साडेतेवीस हजारांस घेतला, दोन वर्षांनीं साडेतीन हजारांची बॅटरी घातली, व एकूण चार वर्षें चालविला तर सत्तावीस हजारांचे वर्षास ६,७५० रुपये होतात. म्हणजे दरवर्षींच्या हिशेबानें जुना मुळींच स्वस्त नाहीं. किंचित् महागच आहे! ज्याच्या गांठीं पैसा पडून आहे, व ज्यास पुढील सहा वर्षें ह्या प्रश्नाकडे पाहावयाचें नाहीं, त्यानें खुशाल नवा घ्यावा. मी त्यास अडविणार नाहीं. परंतु शेतकऱ्याचा पैसा भाद्रपदांत मातींत असतो. आज साडेचौदा हजार हातीं राहणें आणि ते सहा वर्षांत थोडेथोडे वांचणें, ह्या दोन गोष्टी त्यास सारख्या नाहींत. हरभऱ्यास खत वेळेवर पडलें नाहीं तर त्याची भरपाई लॅपटॉपच्या दीर्घायुष्यानें होत नाहीं. कोणी म्हणेल, हप्त्यांनीं घ्या. 'बिनव्याजी' हप्त्यांत नोंदणीचें शुल्क असतें व रोखीची सूट बुडते; तो आंकडा आधीं विचारावा. आणि पीककर्जाची रक्कम तर ह्याकडे वळवूंच नये. वेळेवर फेड केली तर तें कर्ज सवलतीच्या व्याजानें पडतें. यंत्रापायीं फेड चुकली तर ती सवलतहि जाते.

भावाची शंका मात्र मला एका बाबतींत पटली. तो म्हणाला, "मुलगी एकटी राहणार. ऐन परीक्षेंत तें बंद पडलें तर ती कोणाकडे जाईल?" काटोलाहून नागपूर साठेक किलोमीटर, प्रत्येक वेळीं बापानें धांवत येणें शक्य नाहीं. कंपनीच्या हमीचें खरें मोल येथें आहे. ह्यावर आम्हीं असें ठरविलें कीं, हमी एक वर्षाहून कमी देणाऱ्या दुकानाशीं बोलावयाचेंच नाहीं, आणि दुकान महाविद्यालयापासून मुलीस सायकलनें जातां येईल इतकें जवळ असावें. ह्या दोन अटींनीं सातांपैकीं पांच दुकानें गळलीं. उरलेल्यांपैकीं एकानें यंत्र पुसून दाखविण्यास नकार दिला.

सातवा माणूस तरुण होता. "काकाजी, बसा, किती वेळ लागायचा तो लागूं द्या," असें म्हणून त्यानें खुर्ची दिली. यंत्र डेलचें लॅटिट्यूड ५४१०, दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जी.बी. रॅम, २५६ जी.बी.चा एस.एस.डी., चौदा इंचांचा स्वच्छ पडदा. रॅमची दुसरी खोबण रिकामी होती, हें त्यानें उघडून दाखविलें. बॅटरी शेंकडा चौऱ्याऐंशी निघाली. झाकणाच्या कोपऱ्यास एक खोल ओरखडा होता, त्यामुळें तें 'बी ग्रेड'; मला तो ओरखडा पाहून बरेंच वाटलें, कारण त्यानें पंधराशें रुपये कमी केले. पुतणीनें इंटरनेट जोडलें, आम्ही तिघे पडद्याकडे पाहत राहिलों. कोणाचेंहि नांव आलें नाहीं. "मोठे बाबा, सातबारा कोरा आहे," ती म्हणाली. साडेतेवीस हजार रुपये दिले व बारा महिन्यांच्या हमीची पावती घेतली. मराठी लिहिण्याकरितां इनस्क्रिप्ट कळमांडणी तिनें तेथेंच चालू केली. त्या मांडणीस निराळा पैसा पडत नाहीं.

भावाच्या खतास मात्र दीड हजारच उरले, हें मीं लपवूं नये. उरलेलें खत मीं माझ्या निवृत्तिवेतनांतून घेतलें आणि कापूस विकल्यावर परत घेण्याचें ठरलें. नवा घेतला असता तर मधले साडेचौदा हजारहि कर्जाऊ आणावे लागले असते, आणि खत निराळेंच.

माझें सातव्या पिढीचें यंत्र अजून घरांत आहे. त्यांत दोन हजारांचा एस.एस.डी. घातला व विंडोज काढून लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसविली. पत्र लिहिणें, वर्तमानपत्र वाचणें, सात-बारा पाहणें एवढीं कामें त्यावर सुखानें होतात. आपल्याकडील सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनेंहि बॉस म्हणून अशीच एक प्रणाली तयार केलेली आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं असें यंत्र पडून आहे त्यांनीं तें भंगारांत देण्याची घाई करूं नये. फक्त परीक्षेची किंवा कचेरीची एखादी प्रणाली विंडोजवरच चालत असेल तर तेवढें आधीं विचारून घ्यावें.

दिवाळींत पुतणी गांवीं आली तेव्हां तिनें बापाच्या वेचणीच्या मजुरीचा तक्ता त्या लॅपटॉपवर मांडून दिला. कुटुंबाचे सर्व कागद तिनें त्यांत घेतले आहेत, आणि एका निराळ्या बाहेरच्या डिस्कवरहि उतरविले आहेत. ती डिस्क माझ्या कपाटांत, मूळ सात-बाराच्या बस्त्यांत असते.